अंतरीचे अंतर

मुंबईहून गोव्याकडे जाणारा राजरस्ता चिपळूण मागे टाकून १५-२० किलोमीटर दक्षिणेस आला, की सावर्डे हे गाव लागते. खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या धंद्यासाठी ही बाजारपेठ परिचित आहे. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, पश्चिमेस खाड्यांचा आणि डोंगरउतारांचा मुलूख, आणि या दोहोंच्या मध्ये जांभ्या दगडाच्या सड्यांवर व वहाळांच्या काठाने विखुरलेल्या वाड्या, असा येथला भूगोल आहे. एका वाडीतून दुसऱ्या वाडीचा दिवा दिसतो. परंतु त्या दिव्याशी पोहोचावयाचे तर एक ओढा उतरून एक चढण चढावी लागते.

अशा एखाद्या वाडीत, पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या श्रावणातल्या रात्री, पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाच्या छातीत कळ उठली तर पुढे काय घडत असे, याचे चित्र कोकणातील कोणत्याही वडीलधाऱ्या माणसास डोळ्यांसमोर आणता येईल. प्रथम घरातील म्हातारी ओवा आणि सैंधव चावावयास देई. ‘वायू धरला आहे, सुटेल’ असा दिलासा सर्व जण एकमेकांस देत. मध्यरात्रीनंतर घाम फुटून हातपाय गार पडू लागले म्हणजे डोलीची तजवीज होई. भर पावसात चार गडी ती डोली खांद्यावर घेऊन सडकेपर्यंत येत. आणि सकाळच्या एस.टी.ची वाट पाहत असतानाच पुष्कळदा त्या गृहस्थाची वाट संपे. मृत्यूची वर्दी देताना कारण काय सांगावे, हेही अनेकदा घरच्यांना ठाऊक नसे.

आपल्या भाषेत ‘अंतर’ हा एकच शब्द दोन अर्थांनी नांदतो. दोन गावांमधील वाटेची लांबी ती अंतर, आणि मनुष्याच्या आत जे द्रवते, दुखावते, तेही अंतरच. हृदयरोगाच्या चिकित्सेत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जी प्रगती झाली तिचा इतिहास वाचताना, आणि तिची सावर्ड्यासारख्या गावाशी रुजवात घालून पाहताना, मला वारंवार वाटत आले आहे, की या दोन अर्थांचा संबंध केवळ शब्दापुरता नाही. या क्षेत्रातील प्रत्येक खऱ्या शोधाने कोणते ना कोणते अंतर कमी केले आहे. कोठे मैलांचे, कोठे पैशांचे, कोठे वर्षांचे. आणि त्यांतील सर्वांत लांब अंतर मोजण्याचे काम ज्या ठिकाणी आज चालू आहे, ते ठिकाण सावर्ड्याच्या वेशीलगत आहे.

पहिले काही तास

हृदयाचा झटका म्हणजे नेमके काय, हे समजून घेतल्याखेरीज वेळेची किंमत ध्यानात येत नाही. हृदय हा मुठीएवढा स्नायू. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावून तो सर्व देहास रक्त पुरवितो. परंतु स्वतःच्या पोषणासाठी त्याला त्याच्याच पृष्ठभागावरून जाणाऱ्या, पेन्सिलीच्या शिसाहून थोड्याच जाड अशा रोहिण्यांवर अवलंबून राहावे लागते. या रोहिण्यांच्या अस्तरात वर्षानुवर्षे मेदाचे थर साचत जातात; त्यांतील एखादा थर एके दिवशी तडकतो, तडकलेल्या जागी रक्त गोठून गुठळी धरते, आणि घटकेपूर्वी अर्धवट का होईना पण वाहता असलेला पाट एकाएकी बंद पडतो. पाट तुटलेले रोप जसे तत्काळ मरत नाही, आधी मान टाकते, मग सुकते, मग जळते, तसेच त्या रोहिणीवर पोसलेल्या स्नायूचे होते. अर्ध्या तासाच्या आतबाहेर त्याचा नाश सुरू होतो, आणि बारा तासांत बहुतेक भाग कायमचा निकामी होतो. गेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. त्याच्या जागी केवळ व्रण उरतो.

म्हणून छातीच्या मध्यभागी दडपण येणे, दगड ठेवल्यासारखे ओझे वाटणे, ते ओझे डाव्या हातात, खांद्यात किंवा जबड्यात उतरणे, त्यासोबत दरदरून घाम फुटणे, या लक्षणांना ‘गॅस झाला आहे’ असे म्हणून रात्र काढणे हे जिवावरचे धाडस होय. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत तर पुष्कळदा कळ येतच नाही. नुसता दम लागतो, मळमळते, किंवा पूर्वी कधी न आलेला थकवा येतो. घरातील बाई दुपारी ओटीवर टेकून ‘आज अंगात बळच नाही गो’ असे म्हणाली, तर ते बोलणे कामाच्या रगाड्यात विरून जाऊ देऊ नये.

हा रोग ओळखण्याचे आद्य साधन म्हणजे इ.सी.जी.; आपल्याकडे ज्याला ‘पट्टी काढणे’ म्हणतात ते. नेदरलँड्समधील लायडन येथील विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयाच्या विद्युत्स्पंदनांचा आलेख काढणारे यंत्र सिद्ध केले, आणि १९२४ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. ते यंत्र इतके अवजड होते, की ते रुग्णापाशी नेणे शक्य नव्हते, आणि रुग्णालयातील रोग्यांना उठवून यंत्रापाशी आणणेही दुष्कर होते. तेव्हा आइंटहोव्हेन यांनी १९०५ साली रुग्णालय आणि आपली प्रयोगशाळा यांच्या दरम्यान सुमारे दीड किलोमीटर लांबीची दूरध्वनीची तार जोडली, आणि रोगी तेथे, आलेख येथे, अशी व्यवस्था केली. ज्या दिवशी हृदयाचा आलेख निघू लागला, जवळजवळ त्याच दिवसांत तो दुरून पाहण्याचीही युक्ती निघाली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

त्या दीड किलोमीटरचे आज शेकडो किलोमीटर झाले आहेत. आपल्या दक्षिणेस गोव्यात, गावोगावच्या आरोग्यकेंद्रांत काढलेली पट्टी क्षणार्धात तज्ज्ञांकडे पोहोचावी, तिच्यात रोहिणी पूर्ण बंद झाल्याची विशिष्ट खूण दिसताच गुठळी विरघळविणारे इंजेक्शन त्याच केंद्रात विनामूल्य द्यावे, आणि मग रुग्णाची रवानगी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात करावी, अशी योजना गेल्या दशकाच्या अखेरीस अमलात आली. त्या विशिष्ट प्रकारच्या झटक्याच्या इंग्रजी नावावरून तिला ‘स्टेमी’ प्रकल्प म्हणतात. महाराष्ट्रातही त्याच धर्तीवर काम सुरू झाले आहे. महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीपासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, तेव्हा ९३७ गाड्यांची तजवीज करण्यात आली होती. हे दोन धागे एकत्र गुंफले गेले, म्हणजे वाडीवरील रुग्ण आणि शहरातील हृदयतज्ज्ञ यांच्यातील घाट पट्टीपुरता तरी सपाट होतो. पट्टीत काही दिसले नाही आणि संशय मात्र उरला, तर दुखावलेल्या स्नायूतून रक्तात झिरपणारे ‘ट्रोपोनिन’ हे प्रथिन तपासून निदान करता येते.

गुठळी विरघळविण्याच्या औषधाचीही कथा सांगण्यासारखी आहे. स्ट्रेप्टोकोकस या कुळातील जंतू लहान मुलांच्या घशात शिरून पुढे संधिवाताचा ताप आणतात, आणि तो ताप हृदयाच्या झडपा कायमच्या खराब करतो. दाटीवाटीच्या गरीब वस्तीतील किती तरी कोवळी आयुष्ये या रोगाने खुडली आहेत. परंतु त्याच कुळातील जंतूंपासून स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळविणारे द्रव्य मिळाले. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या, १७,००० हून अधिक रुग्णांवर केलेल्या ‘आयसिस-२’ या चाचणीत असे सिद्ध झाले, की हे औषध आणि साधी अ‍ॅस्पिरिनची गोळी ही दोन्ही वेळेवर दिली, तर झटक्यानंतरच्या पाच आठवड्यांतील मृत्यू शेकडा चाळीसहून अधिक प्रमाणात टळतात. काही पैशांची गोळी आणि खेड्यातही टोचता येईल असे इंजेक्शन, एवढ्याने हे साधले. अट एकच, की माणूस पहिल्या काही तासांत दारात आला पाहिजे. तीन तासांच्या आत आला तर लाभ भरपूर, बारा तास उलटले तर जवळजवळ काहीच नाही.

विंचवाचा दंश आणि हृदयाची कहाणी

परगावच्या शोधांची वाट पाहत कोकण स्वस्थ बसले होते, असे मात्र कोणी समजू नये. हृदयचिकित्सेतील एक अस्सल शोध सावर्ड्याच्या उत्तरेस, याच महामार्गावरील महाड या गावी लागला आहे.

कोकणातील लाल विंचू जांभ्याच्या फटींत, भाताच्या पेंढ्यांत, गोवऱ्यांच्या ढिगात राहतो. तो डसला म्हणजे वेदना होतात हे सर्वांस ठाऊक; परंतु डसल्यावर काही तासांनी धडधाकट मूल घामाने चिंब होते, हातपाय बर्फासारखे गार पडतात, दम लागतो, तोंडातून गुलाबी फेस येतो आणि ते दगावते, हे का घडते याचा उलगडा फार काळ झाला नव्हता. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्यकेंद्रात नोकरीस असलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी रात्रीच्या रात्री बसून, नाडी, रक्तदाब, छातीतील आवाज यांची बारकाईने टिपणे ठेवली, आणि त्यांच्या लक्षात आले, की मारणारे विष थेट मारीत नाही. ते हृदयाच्या द्वारे मारते. विंचवाचे विष मज्जातंतूंना चेतवून शरीरातील उत्तेजक स्रावांचा पूर आणते. त्या पुराने सर्व देहातील लहान रक्तवाहिन्या आवळल्या जातात. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, आणि त्याने न उचललेले पाणी फुप्फुसांत साचते.

कारण कळले तसा इलाजही सापडला. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध डॉ. बावस्करांनी या रुग्णांना देऊन पाहिले, आणि १९८६ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तीव्र विषबाधेत पूर्वी शेकडा चाळीसच्या घरात असलेला मृत्यूचा आकडा या उपचाराने शेकडा एकाच्या आसपास उतरला. पुढे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिनला विंचूदंशाच्या प्रतिविषाची जोड देऊन पाहिलेली चाचणी २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली, आणि २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. कोणतेही अद्ययावत यंत्र हाताशी नसता, एका तालुक्याच्या गावी बसून, रुग्णाच्या हाताचा गारवा आणि नाडीचा वेग एवढ्याच पुराव्यावर हा माणूस हृदयाच्या मर्मापर्यंत पोहोचला. स्वस्त गोळी, जवळचे आरोग्यकेंद्र आणि दक्ष डॉक्टर या तिघांची गाठ पडली म्हणजे अंतर कसे मिटते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

नळी, जाळी आणि जमाखर्च

पहिल्या तासांतून माणूस तरला, म्हणजे पुढचा प्रश्न येतो तो बंद पडलेली रोहिणी मोकळी करण्याचा. या विद्येचा आरंभ १९२९ साली एका तरुण जर्मन डॉक्टराच्या विलक्षण धैर्याने झाला. वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या हाताच्या शिरेतून एक लांब बारीक नळी हृदयापर्यंत सरकविली, आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरणांचे छायाचित्र काढून घेतले. जिवंत मनुष्याच्या हृदयात नळी घालू नये, हा तोवरचा शिरस्ता त्या दिवशी मोडला. फोर्समान यांना नोबेल पारितोषिक मात्र १९५६ साली मिळाले. त्याच वाटेने पुढे रोहिण्यांची छायाचित्रे घेण्याची अँजिओग्राफी आली. १९६७ साली रेने फावालोरो यांनी पायातील शीर काढून अडलेल्या जागेला वळसा घालणाऱ्या बायपास शस्त्रक्रियेचा पाया घातला. आणि १९७७ साली झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी नळीच्या टोकावरील इवलासा फुगा फुगवून रोहिणी आतून रुंद केली, ती पहिली अँजिओप्लास्टी. रुंद केलेली जागा पुन्हा आखडू नये म्हणून १९८६ पासून तेथे धातूची जाळी बसवू लागले. तिलाच आपण स्टेंट म्हणतो.

महाराष्ट्रानेही या प्रवासात उडी घेतली होती. दक्षिण आफ्रिकेत क्रिस्तियान बर्नार्ड यांनी १९६७ च्या डिसेंबरात पहिले हृदयारोपण केले, त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, १९६८ च्या फेब्रुवारीत, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. तो रुग्ण काही तासांपलीकडे जगला नाही, आणि त्यानंतर मुंबईत पुन्हा असे आरोपण यशस्वी होण्यास २०१५ चा ऑगस्ट उजाडावा लागला. त्या वेळी पुण्यातील एका मृत व्यक्तीच्या कुटुंबाने दान केलेले हृदय वेळेशी शर्यत लावून मुलुंडच्या रुग्णालयात आणले गेले. या दोन तारखांच्या मधल्या सत्तेचाळीस वर्षांत शस्त्रविद्या तर सुधारलीच. त्याचबरोबर मेंदूच्या मृत्यूस मृत्यू मानणारा कायदा १९९४ साली झाला, आरोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून औषधे आली, आणि दुःखाच्या घटकेत परक्याच्या जिवाचा विचार करणारी कुटुंबे पुढे आली.

तथापि सामान्य माणसाच्या दृष्टीने या सर्व विद्यांच्या वाटेत उभा असलेला घाट पैशाचा होता. मुलाच्या शिक्षणासाठी ठेवलेली पुंजी, बायकोचे दागिने, आंब्याची कलमे, आणि शेवटी वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा, असा क्रम लावून किती घरांनी बायपासचा खर्च भागविला असेल, याची कोणत्याही दफ्तरात नोंद नाही. म्हणून या क्षेत्रातील दोन सरकारी निर्णयांची गणना मी वैद्यकीय शोधांच्या जोडीनेच करतो. पहिला, महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालत असलेली जीवनदायी आरोग्य योजना, जिच्यात हृदयाच्या शस्त्रक्रियांचा व अँजिओप्लास्टीचा समावेश आहे आणि जिची मर्यादा पुढे दीड लाखावरून पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. दुसरा, २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या औषधमूल्य प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीवर घातलेली कमाल मर्यादा. ज्या औषधलेपित जाळीसाठी तोवर लाख-लाख रुपये मोजावे लागत, तिची किंमत त्या हुकमाने २९,६०० रुपयांवर आणि साध्या जाळीची ७,२६० रुपयांवर आली. या सवलतींचा लाभ घेण्यास शिधापत्रिकेसारखी कागदपत्रे हाताशी लागतात. तेव्हा ती घरात एका ठिकाणी जपून ठेवणे, हाही हृदयरक्षणाचाच एक भाग समजावा.

रोजच्या गोळीचे व्रत

झटका येतो तो घटकेत. परंतु त्याची पूर्वतयारी दहा-वीस वर्षे चाललेली असते, आणि त्या तयारीतील मुख्य भागीदार म्हणजे वाढलेला रक्तदाब. तो दुखत नाही, खुपत नाही, आणि म्हणूनच तो घरात शिरल्याची वार्ता लागत नाही.

या रोगाच्या आधुनिक उपचारांचा एक उगम आपल्याच मातीत आहे. सह्याद्रीच्या रानात उगवणाऱ्या सर्पगंधा या वनस्पतीचे मूळ वैद्यलोक पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले होते. मुंबईचे हृदयतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर ते शास्त्रीय कसोट्या लावून पाहिले आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. त्या लेखाने पाश्चात्त्य जगाचे लक्ष या मुळाकडे वेधले. १९५२ साली त्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचे मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले. रेसर्पिनने काहींच्या मनावर उदासीनतेचे सावट येई, म्हणून आज त्याची जागा अधिक निर्धोक औषधांनी घेतली आहे. परंतु रक्तदाब गोळीने उतरविता येतो, हा विश्वास रुजविण्यात त्या मुळाचा वाटा मोठा आहे.

आता प्रश्न औषधाचा उरलेला नाही. ते रोज घेण्याचा आहे. ‘बी.पी. नॉर्मल आलं, आता गोळी कशाला?’ हे वाक्य ऐकले नाही असा डॉक्टर कोकणात सापडणार नाही. गोळीने खाली राहिलेला रक्तदाब गोळी थांबताच पूर्वपदावर येतो. बांधावरची माती रोज लिंपली नाही तर पाणी फुटायचेच. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील जे जिल्हे पहिल्या टप्प्यात निवडले गेले, त्यांत आपला शेजारी सिंधुदुर्ग होता. त्या उपक्रमाची सूत्रे अगदी साधी आहेत. सर्वांसाठी एकच ठरलेली औषधांची पायरी, आरोग्यकेंद्रात गोळ्यांचा अखंड पुरवठा, प्रत्येक रुग्णाची नोंद, आणि मुदतीत न आलेल्या रुग्णाची आठवण काढून त्याला बोलावणे. यात चमत्कृती काही नाही. परंतु गावातील परिचारिकेने ‘काका, या महिन्यात आला नाहीत’ असे विचारणे, हे माझ्या मते बहुमोल यंत्राइतकेच परिणामकारक आहे.

पाळत ठेवण्याची साधनेही आता आवाक्यात आली आहेत. दंडाला पट्टा बांधून स्वतःच रक्तदाब मोजता येणारे यंत्र, चोवीस तास ठोक्यांची नोंद ठेवणारा होल्टर, ध्वनिलहरींनी हृदयाच्या झडपा आणि भिंती हलत्या दाखविणारी टू-डी इको तपासणी, मनगटी घड्याळातून अनियमित ठोक्यांचा मिळणारा इशारा, या सर्वांचे स्वागत केले पाहिजे. मात्र यंत्रावर दिसलेला आकडा वहीत उतरविला, आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवली, तरच त्या आकड्याचे ज्ञान होते. एरवी तो केवळ काळजीस निमित्त होतो.

सर्वांत लांब अंतर

आतापर्यंत आपण तास मोजले, वर्षे मोजली. आता पिढी मोजावयाची आहे, आणि त्यासाठी सावर्ड्याच्या वेशीलगत असलेल्या डेरवण या गावी जावयाचे आहे.

डेरवण हे नाव महाराष्ट्रात शिवसृष्टीमुळे परिचित आहे. त्याच परिसरात श्री विठ्ठलराव जोशी चॅरिटीज ट्रस्टने उभारलेले भक्तश्रेष्ठ कमलाकरपंत लक्ष्मण वालावलकर रुग्णालय आणि त्यास जोडलेले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. आजूबाजूच्या वाड्यांतील ज्या माणसांना पूर्वी मोठ्या आजारासाठी मुंबईची किंवा घाट ओलांडून मिरज-कऱ्हाडची वाट धरावी लागे, त्यांच्या आवाक्यात ते आले, एवढेच त्याचे महत्त्व असते तरी ते पुरेसे होते. परंतु तेथील डॉक्टरांनी एक वेगळाच प्रश्न हाती घेतला आहे. कोकणातील माणूस दिसावयास सडपातळ, खाण्यास बेताचा, चालण्यास काटक. मग त्याला मधुमेह, रक्तदाब आणि हृदयरोग इतक्या लवकर का गाठतात?

या प्रश्नाचा पहिला धागा इंग्लंडमध्ये सापडला. डेव्हिड बार्कर यांनी १९८० च्या दशकात असे दाखविले, की जन्मतः कमी वजनाची बालके प्रौढपणी हृदयरोगास अधिक बळी पडतात. म्हणजे या रोगाची मुळे गर्भावस्थेपर्यंत जातात. तोच धागा पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुढे नेला. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून त्यांनी मातांच्या आहाराचा व त्यांच्या बालकांचा अभ्यास आरंभिला, आणि असे आढळले, की आपल्याकडील बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो, परंतु आपल्या बालकांत स्नायू कमी असला तरी चरबी त्या मानाने राखलेली असते. दिसावयास कृश, आतून मेदयुक्त. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिकांनी आपले आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी शेकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या शरीरात शेकडा २१.२ निघाली. काट्यावरचा आकडा आपल्या लोकांच्या बाबतीत किती फसवा आहे, हे त्या एका चित्राने जगास पटले.

कोकणच्या जीवनाशी हे निष्कर्ष ताडून पाहिले, म्हणजे मन अस्वस्थ होते. आईच्या पोटात आणि बालपणी तुटपुंज्या अन्नावर वाढलेला देह काटकसरीची सवय लावून घेतो. मिळेल तो कण साठवावयास शिकतो. तोच मुलगा पुढे चाकरमानी होऊन मुंबईस जातो. अवेळी जेवण, तळलेले पदार्थ, गाडीचा प्रवास, बैठे काम, तंबाखूची पुडी, अशा आयुष्यात पडतो. दुष्काळासाठी बांधलेल्या कोठारात सुकाळाचे धान्य येऊन पडू लागते, आणि ते कोठार फुटते. चाळिशी-पन्नाशीत त्याच्या छातीत उठणारी कळ ही एका अर्थाने त्याच्या आईच्या ताटातून निघालेली असते.

याच जाणिवेतून डेरवणच्या डॉक्टरांनी रत्नागिरी जिल्ह्यातील १६ ते १८ वर्षे वयाच्या मुलींचा दीर्घकाळ चालणारा अभ्यास हाती घेतला, आणि २०२० साली त्याची रूपरेषा प्रसिद्ध केली. अभ्यासाच्या लांबलचक इंग्रजी नावातील अक्षरे अशी जुळविली आहेत, की त्यांतून ‘डेरवण’ हेच नाव तयार होते. या मुलींची उंची, वजन, शरीरातील चरबीचे प्रमाण, रक्तातील घटक यांची नोंद ठेवून पुढे त्यांच्या मातृत्वापर्यंत आणि त्यांच्या अपत्यांपर्यंत तो धागा नेण्याचा हेतू आहे. गरोदरपणी आईला गोळ्या देऊन काय ते साधेल, ही समजूत अपुरी आहे. गर्भाची जडणघडण पहिल्या काही आठवड्यांतच ठरू लागते, आणि तोवर पुष्कळ स्त्रियांना आपण गर्भवती असल्याचेही ठाऊक नसते. म्हणून आईचे पोषण तिच्या किशोरवयातच झाले पाहिजे. पुण्याच्या संशोधकांनीही त्यांच्या गावांतील किशोरवयीन मुलामुलींना ब-१२ जीवनसत्त्व देऊन त्याचा पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो, हे तपासण्याचे काम २०१२ पासून केले आहे. हे संशोधन एका आयुष्यात पुरे होणारे नाही. ज्यांनी ते आरंभिले, त्यांना त्याचे सर्व फळ पाहावयास मिळणार नाही. आंब्याची कोय लावणाऱ्या म्हाताऱ्याची जी श्रद्धा, तीच यामागे आहे.

सावर्ड्याच्या वाचकास, किंबहुना महाराष्ट्रातील कोणत्याही गावच्या वाचकास, मला यातून जे सांगावयाचे आहे ते थोडके आहे. छातीत दडपण आले तर उजाडण्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि जवळच्या केंद्रात पट्टी काढून घ्या. तिशी उलटली की वर्षातून एकदा रक्तदाब मोजा, आणि गोळी सुरू झाली तर ती डॉक्टरांना विचारल्याखेरीज सोडू नका. तंबाखू आणि विडी घरातून हद्दपार करा. आणि घरात सोळा-सतरा वर्षांची मुलगी असेल, तर सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरलेल्या भातावर आणि पातळ आमटीवर तिची बोळवण करू नका. मासळीची तुकडी, कुळथाचे पिठले, दूध, अंडे, जे घरात असेल ते तिच्या ताटात प्रथम पडू द्या.

पन्नास वर्षांपूर्वी त्या गृहस्थाची डोली ज्या पाणंदीतून सडकेकडे निघाली होती, तिच्याच काठाने आज एखादी मुलगी दप्तर पाठीस लावून सावर्ड्याच्या शाळेला जात असेल. तिच्या मुलाच्या हृदयाची गोष्ट अजून लिहावयाची आहे. ती कशी लिहिली जाईल, हे पुष्कळसे आज रात्री तिच्या ताटात काय वाढले जाते यावर ठरणार आहे.